हृदयाचे संप्रेरक वाढले, तरी पायांवर सूज का?

वाचकाचे पत्र

सा. न. वि. वि.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पॉवरलूम कारखान्यांत चादरी आणि टॉवेल विणण्यात त्यांचे आयुष्य गेले. पंधरा वर्षांपासून त्यांना रक्तदाब आहे. दोन महिने झाले, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. डॉक्टरांनी टूडी एको केला आणि हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आहे असे सांगितले. रक्ताच्या तपासणीत एनटी-प्रोबीएनपी (हृदयाच्या संप्रेरकाची तपासणी) १,८४० आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून थोडे वाचले. हे संप्रेरक हृदयच तयार करते, ते शरीरातले मीठ लघवीवाटे बाहेर काढते आणि रक्तदाब उतरवते, असे समजले. मग ते एवढे वाढलेले असताना सूज का आहे आणि रक्तदाब चढलेला का आहे? शिवाय हा आकडा म्हणजे झटका येऊन गेला असे समजायचे का? चुलत भाऊ म्हणतो, हृदय स्वतःच मीठ काढून टाकत असेल तर काकांची शेंगा चटणी, लोणचे, पापड कशाला बंद करायचे, आणि सोलापूरच्या उन्हात मीठ तोडले तर चक्कर येऊन पडतील. हे संप्रेरक वाढवणारे काही औषध किंवा आहार आहे का? आणखी एक. डॉक्टरांनी एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही नवी गोळी लिहून दिली आहे आणि मध्ये दीड दिवस दोन्हींपैकी काही घ्यायचे नाही असे बजावले आहे. पण जुनी पट्टी जवळजवळ भरलेली आहे, ती संपेपर्यंत दोन्ही घेतो, असे वडिलांचे म्हणणे आहे.

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट शेवटच्या ओळीत आली आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. एनालाप्रिल आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या दोन गोळ्या कोणत्याही परिस्थितीत एकत्र घ्यायच्या नाहीत. एनालाप्रिलची शेवटची गोळी आणि नव्या गोळीचा पहिला डोस यांच्यामध्ये किमान ३६ तास गेले पाहिजेत, आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला दीड दिवस तो हाच. या दोन औषधांची गाठ शरीरात पडली, तर काही रुग्णांचे ओठ, जीभ आणि घसा अचानक सुजतात आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. जुनी पट्टी आजच वडिलांच्या औषधाच्या डब्यातून काढून घ्या. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला भरलेली पट्टी टाकून देणे जिवावर येते हे मी समजू शकतो, परंतु इथे काटकसरीचा प्रश्न नाही. दोन्ही गोळ्या घेऊन झाल्या असतील, तर आजच डॉक्टरांना कळवा. आणि चेहरा किंवा जीभ सुजल्यासारखी वाटली किंवा आवाज घोगरा झाला, तर फोन करत न बसता त्यांना थेट रुग्णालयात न्या. असे का होते हे पुढे येईलच, कारण त्याचा संबंध तुमच्या मुख्य प्रश्नाशी आहे.

तो मुख्य प्रश्न अगदी योग्य आहे. जे संप्रेरक मीठ बाहेर काढते ते वाढलेले असावे आणि मीठ-पाणी मात्र अंगातच साचलेले असावे, हे वरवर पाहता जुळत नाही. ते जुळते कसे, हे समजण्यासाठी हृदय हे काम कसे करते तिथून सुरुवात करावी लागेल.

हृदयाला आपण दीर्घकाळ केवळ रक्त ढकलणारा स्नायू मानत आलो. १९५६ मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून या समजुतीला धक्का देणारे निरीक्षण पुढे आले. एका प्रयोगात कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात छोटा फुगा फुगवून त्याची भिंत ताणली, तेव्हा त्या प्राण्याची लघवी वाढली. त्याच वर्षी ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील पेशींत बारीक, गडद दाणे दिसले; असे दाणे सहसा संप्रेरक साठवणाऱ्या ग्रंथींच्या पेशींत असतात. स्नायूच्या पेशीत ते कशासाठी, हे कोडे बरीच वर्षे तसेच राहिले. कॅनडातील किंग्स्टन येथे काम करणाऱ्या अडोल्फो डी बोल्ड यांच्या लक्षात आले की शरीरातील पाणी आणि मीठ यांचा तोल बदलला की या दाण्यांचे प्रमाणही बदलते. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत त्या उंदरांच्या लघवीतून जाणारे सोडियम आणि पाणी कित्येक पटींनी वाढले आणि त्यांचा रक्तदाब उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्काने असे काही घडले नाही. हृदय हा पंप तर आहेच, पण ते संप्रेरक स्रवणारे इंद्रियही आहे, हे त्या प्रयोगाने निर्विवाद ठरवले. शाळेत हृदय शिकवताना आपण झडपा आणि कप्प्यांवरच थांबतो. तुम्ही पुढच्या वेळी हा प्रयोग मुलांना जरूर सांगा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या संप्रेरकांतील पहिले ते एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड), २८ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ते मुख्यतः वरच्या कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत तयार होते. दुसरे बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड), ३२ अमिनो आम्लांचे. जपानी संशोधकांना ते १९८८ मध्ये प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदूचा उल्लेख राहिला. प्रत्यक्षात रोगी हृदयात ते प्रामुख्याने खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत तयार होते. तुमच्या अहवालावर मेंदूचे नाव छापलेले दिसले, तरी वडिलांच्या मेंदूत काही बिघडले आहे असा त्याचा अर्थ नाही. ही शंका घेऊन घाबरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता काम कसे चालते ते पाहू. शरीर रक्तातील सोडियम लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास राखते. त्यामुळे मीठ अंगात राहिले की त्याच्याबरोबर पाणीही राहते, रक्ताचे एकूण आकारमान वाढते, हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि कर्णिकांच्या भिंती ताणल्या जातात. हा ताण हाच एएनपी सुटण्याचा इशारा. सुटलेले एएनपी मूत्रपिंडांत पोहोचले की तेथील गाळणीकडे रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमन्या रुंदावते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या धमन्या थोड्या आवळते, त्यामुळे गाळले जाणारे द्रव वाढते. शिवाय गाळलेले सोडियम पुन्हा शोषून घेण्याचे नळ्यांचे काम ते मंदावते. या दुसऱ्या परिणामाचे वजन लक्षात यावे म्हणून एक हिशेब देतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात जवळजवळ दीड किलो मिठाइतके सोडियम असते, त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात येते. म्हणजे शोषणात एका टक्क्याचा जरी फरक पडला, तरी दिवसाकाठी सुमारे पंधरा ग्रॅम मिठाचा हिशेब बदलतो, आणि हा आकडा आपल्या पूर्ण दिवसाच्या जेवणातल्या मिठापेक्षा मोठा आहे. याखेरीज हे संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करते, मूत्रपिंडातून रेनिन आणि अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन ही मीठ धरून ठेवायला लावणारी द्रव्ये सुटणे कमी करते, आणि तहानही कमी करते. हे सगळे परिणाम एकाच दिशेचे आहेत, आकारमान उतरवणे आणि दाब उतरवणे. ज्या उंदरांत एएनपी तयार करणारे जनुकच काढून टाकले गेले त्यांचा रक्तदाब चढला, आणि त्यांच्या खाण्यात मीठ वाढवले तेव्हा तो आणखी चढला, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. निरोगी माणसात ही व्यवस्था रोज शांतपणे चालू असते. एखाद्या लग्नात खारट जेवण झाले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपले वजन पूर्ववत होते, त्यात तिचाही वाटा असतो.

वडिलांच्या बाबतीत पंधरा वर्षांच्या रक्तदाबामुळे डाव्या जवनिकेवर सतत भार पडला असावा, आणि आता ती प्रत्येक ठोक्याला आतले सुमारे ३५ टक्केच रक्त पुढे ढकलते. निरोगी हृदय साधारण ५५ ते ७० टक्के ढकलते. आत उरलेल्या रक्तामुळे भिंती ताणलेल्याच राहतात आणि बीएनपी सतत तयार होत राहते. पावसाळ्यात उजनीतून भीमेत मोठा विसर्ग सोडल्याची बातमी ऐकली की धरण आता रिकामे होणार असे सोलापूरचा कोणी माणूस समजत नाही. दौंडकडून तेवढे पाणी येत आहे असेच तो समजतो. १,८४० हा आकडा त्याच रीतीने वाचायचा असतो. मीठ बाहेर काढण्याची ताकद किती आहे हे तो सांगत नाही, हृदयाच्या भिंतींवर भार किती आहे हे सांगतो.

यात आणखी एक बारकावा आहे आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला तो सांगितलाच पाहिजे. तुमच्या अहवालात जे मोजले आहे ते काम करणारे संप्रेरकच नव्हे. पेशीत आधी १०८ अमिनो आम्लांची लांब साखळी तयार होते आणि तिचे दोन तुकडे होतात. त्यातला ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी, जे प्रत्यक्ष काम करते. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, ज्याला स्वतःचे काही काम नाही. पण बीएनपी रक्तातून सुमारे वीस मिनिटांत निम्मे होते, तर हा निष्क्रिय तुकडा त्याहून बराच जास्त काळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा पडतो. अर्थात मोठा आकडा पाहून वडिलांच्या रक्तात तेवढे कामाचे संप्रेरक फिरत आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यात भर म्हणजे हृदय थकलेले असताना ती लांब साखळी पुष्कळदा न तुटताच रक्तात येते, आणि तिचा प्रभाव तुटलेल्या बीएनपीपेक्षा बराच कमी असतो.

आणि जे काही खरे बीएनपी तयार होते, त्याच्या समोर मोठी विरोधी यंत्रणा उभी असते. पंपिंग कमी झाले की धमन्यांत पुढे जाणारे रक्त कमी होते. मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था याचा अर्थ चुकीचा लावतात. त्यांना वाटते शरीरातले रक्त किंवा पाणीच घटले आहे. मग रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अल्डोस्टेरॉन वाढते आणि मूत्रपिंडे मीठ घट्ट धरून बसतात. हृदय सांगते मीठ सोडा, आणि ही यंत्रणा सांगते मीठ धरा. रोग जसजसा वाढतो, तसतसा पहिला आवाज मूत्रपिंडांपर्यंत कमी पोहोचतो, कारण त्या संप्रेरकाला प्रतिसाद देण्याची तेथील पेशींची क्षमताही मंदावते. संप्रेरक वाढलेले आणि सूजही आहे, यातला विरोधाभास इथे सुटतो. सूज आहे म्हणूनच संप्रेरक वाढले आहे, आणि तरीही ते पुरे पडत नाही.

यातूनच नव्या गोळीचे तर्कशास्त्र कळते. आपल्या शरीरात नेप्रिलायसिन नावाचे एक विकर (एन्झाइम) एएनपी आणि बीएनपी यांचे तुकडे करून त्यांना निकामी करत असते. सॅक्युबिट्रिल या विकराला रोखते, त्यामुळे हृदयाने तयार केलेले संप्रेरक अधिक वेळ टिकते. जोडीचे वल्सार्टन त्याच वेळी अँजिओटेन्सिनला रोखते. म्हणजे एक घटक मीठ सोडणाऱ्या बाजूला बळ देतो आणि दुसरा मीठ धरणाऱ्या बाजूचा जोर कमी करतो. पंपिंग कमी असलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील मोठ्या चाचणीत या जोडगोळीची तुलना एनालाप्रिलशीच केली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा हृदयाच्या दुबळेपणासाठी रुग्णालयात दाखल होणे, या एकत्रित धोक्यात सुमारे २० टक्के घट झाली. तुमच्या डॉक्टरांनी केलेला बदल या पुराव्यावर आधारलेला आहे आणि मला तो योग्य वाटतो.

आता ३६ तासांचे कारण. नेप्रिलायसिन हृदयाची संप्रेरके तोडते, तसे ब्रॅडिकायनिन नावाचे सूज आणणारे द्रव्यही तोडते. एनालाप्रिल ज्या विकराला बंद करते, तेही ब्रॅडिकायनिन तोडणारेच. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या, तर ब्रॅडिकायनिन साचते आणि घशाला सूज येते. वडिलांना हे एवढ्याच शब्दांत सांगा. कारण समजले की माणूस सहसा ऐकतो. पूर्वी कधी त्यांना एनालाप्रिलने ओठ किंवा चेहरा सुजण्याचा त्रास झाला असेल, तर मात्र नवी गोळी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

संप्रेरक बाहेरून देता येईल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तसा प्रयत्न झाला आहे. प्रयोगशाळेत बनवलेले बीएनपी शिरेतून देण्याचे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. नंतर सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, त्याने मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे कमी झाले नाही. विरोधी यंत्रणेला हात न लावता केवळ एका बाजूला ढकलून फारसे साधत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. हे संप्रेरक वाढवणारा कोणताही काढा, टॉनिक किंवा पदार्थ नाही, आणि तसा दावा करून कोणी काही विकत असेल तर ते घेऊ नका.

मिठाबद्दल तुमच्या भावाच्या युक्तिवादातली चूक तुमच्या लक्षात आता आलीच असेल. हृदय मीठ बाहेर काढण्यासाठी आधीच पूर्ण जोर लावत आहे आणि तरी मागे पडत आहे. त्यावर आणखी मीठ घालणे म्हणजे त्याचे काम वाढवणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडे कमी, आणि यात सगळ्या पदार्थांतले मीठ धरलेले आहे. वडिलांसाठी हीच मर्यादा मी ठेवीन. त्याहून कडक, पूर्ण अळणी जेवण मी सुचवणार नाही. हृदय दुबळे असलेल्या रुग्णांना सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे मीठ पावणेचार ग्रॅमच्या खाली ठेवायला सांगून पाहिलेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, दाखल होणे किंवा मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. आणि अळणी जेवणाने वयस्कर माणसाचे जेवणच तुटते, हे आपण घराघरांत पाहतो.

सोलापूरच्या जेवणात ही मर्यादा पाळणे वाटते तेवढे अवघड नाही. आपल्या ज्वारीच्या भाकरीत बहुधा मीठ नसते, आणि जेवणाचा मोठा भाग तर तिचाच असतो. खरे मीठ येते ते ताटाच्या कडेला वाढलेल्या पदार्थांतून. शेंगा चटणी बंद करण्याची गरज नाही; ती घरी, लसूण आणि जिरे वाढवून, मीठ निम्मे करून कुटा आणि एका जेवणाला चमचाभर वाढा. बाजारातून आणलेल्या चटणीत मीठ किती हे कळायला मार्ग नसतो. लोणचे आणि पापड मात्र खरोखर सोडावेत, कारण लोणचे टिकते तेच मिठावर, आणि पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, जो सोडियमचाच क्षार आहे. भज्यांतला खायचा सोडा आणि पोट जड झाल्यावर पाण्यात टाकून घेण्याची फसफसणारी पावडर यांतही सोडियम असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सैंधव मीठ घेतले म्हणून हिशेब बदलत नाही; तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ तर वडिलांसाठी धोक्याचे आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि वल्सार्टन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकते, विशेषतः मूत्रपिंडे थोडी मंदावलेली असतील किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर.

उन्हाची शंका रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये आपला पारा ४० च्या पुढे जातो आणि घामातून मीठ-पाणी जाते हे खरे आहे. पण उन्हाची सवय झाली की अल्डोस्टेरॉन घामातले मीठही वाचवू लागते, आणि शरीरातले आकारमान घटले तर हृदयावरचा ताण कमी होऊन एएनपी आपोआप उतरते. वडील आता मागावर उभे राहून काम करत नाहीत. घरात सावलीला बसणाऱ्या माणसाचा घाम वेगळा. म्हणून ऊन आहे या कारणाने मिठाचे लिंबू सरबत किंवा ओआरएस स्वतःहून सुरू करू नका. एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. खरा धोका असतो तो उन्हाळ्यात लघवीच्या गोळीचा जुनाच डोस चालू राहण्याचा. त्यावर उपाय म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढले, तर पाणी साचत आहे, डॉक्टरांना कळवा. उलट वजन सतत घटत आहे, उभे राहताना चक्कर येते, तोंड कोरडे पडते, असे दिसले तरी कळवा. गोळीचा डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते, आणि तो निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे. पाणी दिवसाला किती प्यायचे हेही त्यांना विचारून घ्या.

रात्रीच्या लघवीचा उलगडाही याच संप्रेरकात आहे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते, कर्णिका ताणल्या जातात, एएनपी वाढते आणि मूत्रपिंडे रात्री कामाला लागतात. या वयात प्रोस्टेटचा त्रासही असू शकतो, तो डॉक्टरांनी तपासावा. पण लघवी होते म्हणून संध्याकाळची औषधे परस्पर टाळू नयेत. लघवीची गोळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, एवढे विचारा. दुपारी तास-दोन तास पाय उशीवर ठेवून पडल्याने काही पाणी दिवसाच निघून जाते.

पत्रात उल्लेख नसलेली, पण मागावर आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल मला हटकून विचारावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची सवय या व्यवसायात सर्रास आहे. या गोळ्या मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, रक्तदाब चढवतात आणि नव्या गोळीबरोबर मूत्रपिंडांना इजा करू शकतात. वडील अशी गोळी घेत असतील तर आजच्या सुजेत तिचाही हात असणे शक्य आहे. ती बंद करून, दुखण्यासाठी काय घ्यावे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

१,८४० हा आकडा झटक्याचा पुरावा नव्हे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे पाहण्यासाठी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आणि ईसीजी असतात. धाप लागत असताना एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल तर त्या धापेमागे हृदय असण्याची शक्यता फार कमी. साठ-सत्तरच्या घरातल्या माणसात ते ९०० च्या वर गेले तर हृदयाचा दुबळेपणा असण्याची शक्यता बळावते, आणि वडिलांच्या बाबतीत टूडी एकोने ते दाखवलेच आहे. वय, मूत्रपिंडाचा आजार आणि हृदयाचे ठोके अनियमित असणे यांनी आकडा वाढतो, तर लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, म्हणून शेजारच्या एखाद्या रुग्णाच्या आकड्याशी वडिलांच्या आकड्याची तुलना करू नका. पुढच्या वेळी तो १,७०० आला म्हणून आनंद आणि १,९५० आला म्हणून चिंता, दोन्ही नको. एकाच माणसात, काही न बदलता, चतुर्थांशापर्यंतचा फरक पडू शकतो. उपचारांनंतर तो एक तृतीयांशाने किंवा अधिक उतरला, तर ते खरे सुधारण्याचे चिन्ह मानता येईल.

तपासणी पुन्हा करायची झाली, तर चिठ्ठीवर एनटी-प्रोबीएनपीच लिहिले आहे ना, हे पाहून घ्या. नव्या गोळीवर असताना नुसते बीएनपी मोजले, तर ते तुटणे थांबल्यामुळे आकडा वाढलेला दिसू शकतो आणि रोग बळावला असा गैरसमज होतो. नेप्रिलायसिन एनटी-प्रोबीएनपीला तोडत नाही, म्हणून ते या अडचणीत येत नाही. त्याआधी, गोळी सुरू झाल्यापासून एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी आणि रक्तदाबाची नोंद झाली पाहिजे. ती तारीख डॉक्टरांकडून आताच ठरवून घ्या, आणि जाताना वजनाची वही बरोबर न्या.